ज्या लढाईला म्हण नाही

दर २४ मार्चला सुभेदारकाका मावाबाटीचा डबा घेऊन मावशीकडे येतात. त्या दिवशी कुणाचा वाढदिवस नसतो की सण नसतो. "आज आम्ही सुटलो," एवढंच म्हणतात आणि डबा पोह्यांच्या बशीशेजारी ठेवतात. सुटले म्हणजे श्रीलंकेतून. २४ मार्च १९९० ला भारतीय शांतिसेनेची शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून जहाजानं निघाली. काका त्या जहाजावर होते, असं कॉलनीतले निम्मे लोक समजतात. काका म्हणतात, "मी तीन महिने आधीच निघालो होतो. पण शेवटचा माणूस निघेपर्यंत कोणी सुटलेला नसतो."

काका बुलढाण्याकडचे. जबलपूरला सिग्नलचं ट्रेनिंग झालं, शेवटची पोस्टिंग भोपाळ, आणि तेव्हा कोलार रोडला प्लॉट स्वस्त होते म्हणून इथेच घर बांधलं. मावशी ग्वाल्हेरची, शिंद्यांच्या दरबारात कारकुनी केलेल्या घरातली. कॉलेजात तीस वर्षं इतिहास शिकवला. दोघांची कुंपणाची भिंत एकच. रस्ता सहा पदरी झाल्यापासून काकांचं कलियासोतच्या पुलापर्यंत फिरायला जाणं बंद झालंय. "पलीकडं जायला आता आर्टिलरीचं कव्हर लागतं," म्हणतात. मग सकाळचा तो वेळ मावशीच्या ओट्यावर वाद घालण्यात जातो.

यंदाच्या वादाला कारण मीच. पोहे खाता खाता सहज विचारलं, "एवढा मोठा देश असल्या लढाईत अडकतो तरी कसा?"

"हुशारीनं," मावशी म्हणाली. तिनं बशी खाली ठेवली, म्हणजे आता तास सुरू झाला हे मी ओळखलं. "१९८३ च्या जुलैत कोलंबोत तमिळांची कत्तल झाली. लोंढेच्या लोंढे रामेश्वरकडं आले. इथपर्यंत आपला काही दोष नाही. पण मग दिल्लीनं काय केलं? एका हातानं कोलंबोशी बोलणी आणि दुसऱ्या हातानं तमिळ पोरांना बंदुका. उत्तरेत डेहराडूनच्या बाजूला शिकवलं, तमिळनाडूत तळ दिले. म्हणायचे काय, तर लंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांच्यावर दाब राहील. चार वर्षांनी त्याच पोरांच्या हातातून त्याच बंदुका काढून घ्यायला याच सुभेदारसाहेबांना पाठवलं. बरोबर ना हो?"

"बंदुका त्या नव्हत्या," काका शांतपणे म्हणाले. "आपण दिलेल्यापेक्षा चांगल्या होत्या. त्यांच्याकडं एके-४७, आमच्या पायदळाकडं एसएलआर. पण ताई, तुम्ही नेहमी इथूनच सुरू करता. शेजारच्या घराला आग लागली, माणसं तुमच्या अंगणात आली, तुमच्या घरातली निम्मी माणसं म्हणतायत की ते आमचे नातेवाईक आहेत, तर तुम्ही दार लावून पोहे खाल का? तमिळनाडूत रोज मोर्चे निघत होते. तिथले मुख्यमंत्री एमजीआर उघड पैसे देत होते. त्रिंकोमालीसारखं बंदर दुसऱ्या कोणाच्या हाती जाईल ही भीती होती. जाणं भागच होतं."

"आग विझवायला जाणं वेगळं आणि घरमालकाला विमानातून डाळ-तांदूळ फेकून दाखवणं वेगळं."

हा टोमणा ४ जून १९८७ चा. आदल्या दिवशी मदतीच्या होड्या लंकेच्या नौदलानं परत पाठवल्या, म्हणून आपल्या वाहतूक विमानांनी मिराजच्या पहाऱ्यात जाफनावर पंचवीसेक टन धान्य टाकलं. कारवाईचं नाव होतं पूमालै, म्हणजे फुलांची माळ. त्या माळेनं जयवर्धने वाकले आणि पुढच्या महिन्यात, २९ जुलैला, कोलंबोत करार झाला. तमिळ प्रांतांना अधिकार मिळणार, बंडखोर शस्त्रं ठेवणार आणि या सगळ्याला जामीन भारत. दुसऱ्याच दिवशी मानवंदना स्वीकारताना राजीव गांधींवर लंकेच्या एका नौसैनिकानं बंदुकीचा दस्ता उगारला. ते चित्र जगभर छापून आलं. करार तिथं किती लोकांना हवा होता, हे त्या एका चित्रात दिसत होतं, पण त्याच दिवशी आपली विमानं जाफनाजवळ पलालीच्या विमानतळावर उतरत होती.

"सही बघ कुणाकुणाची होती," मावशी माझ्याकडं वळली. "राजीव गांधी आणि जयवर्धने. भांडण कुणाचं, तर तमिळ वाघांचं, म्हणजे एलटीटीईचं, आणि कोलंबोचं. वाघांचा म्होरक्या प्रभाकरन, त्याला दिल्लीत आणून अशोक हॉटेलात बसवलं होतं, पण त्याची सही कागदावर नाही. ज्याची बंदूक त्याची सही नाही आणि ज्याचं भांडण नाही तो जामीन. हे आम्ही मराठ्यांनी एकदा करून पाहिलंय, सुभेदार. इथून जवळच."

काकांनी डोळे मिटले. पुढचं त्यांना पाठ असावं.

मावशीचा हा आवडता मुक्काम. डिसेंबर १७३७ मध्ये बाजीरावानं निजामाला भोपाळात कोंडलं. जानेवारीत दोराह्याला तह झाला आणि नर्मदा ते चंबळ मुलूख मराठ्यांचा झाला. "इथपर्यंत लढाई आपली होती," मावशी म्हणते. "घोटाळा झाला चौदा वर्षांनी. १७५२ साली शिंदे-होळकरांनी दिल्लीच्या बादशहाशी अहदनामा केला. अब्दाली आला तरी आम्ही रक्षण करू, घरातले शत्रू उठले तरी आम्हीच करू, बदल्यात पंजाबची, सिंधची चौथाई. कागद फार गोड होता. पण बादशहाचं भांडण त्या दिवसापासून पुण्याचं झालं. नऊ वर्षांनी पानिपत. जामीन राहणारा भांडणाबाहेर राहूच शकत नाही."

"चुकीचा दाखला," काका डोळे न उघडता म्हणाले.

"का?"

"पानिपतावर आपली माणसं रडली. आजही एखादा निवडणूक हरला की आपण म्हणतो, त्याचं पानिपत झालं. संक्रांत कोसळली म्हणतो. विश्वास पानिपतात गेला म्हणतो. अडीचशेहून जास्त वर्षं झाली, तरी शब्द आहे. 'त्याचं जाफना झालं' असं म्हणताना कुणाला ऐकलंय तुम्ही?"

मावशी थांबली. तिला थांबवणं सोपं नाही.

"सुमारे बाराशे माणसं गेली आमची," काका पुढं म्हणाले. "कारगिलला ५२७ गेली. कारगिलचा चौक प्रत्येक गावात आहे, असावाच. आमच्या बाराशेंना मराठीत एक शब्द नाही. तुम्ही म्हणता लोकांना नको असलेलं युद्ध. लोकांना नको होतं असं कोण म्हणतं? लोकांना माहीतच नव्हतं. अमेरिकेत व्हिएतनामच्या वेळी पोरं रस्त्यावर आली, शिव्या दिल्या, सैनिकांवर थुंकली म्हणतात. आमच्यावर कुणी थुंकलं नाही. मद्रासहून गाडीनं येताना भोपाळ स्टेशनला पाणी भरायला उतरलो. चहावाला म्हणाला, कहाँ से आ रहे हो फौजी? म्हटलं, श्रीलंका से. म्हणाला, अच्छा, घूमने?"

मी हसलो आणि लगेच गप्प झालो.

अप्रिय युद्ध म्हटलं की मोर्चे, घोषणा, पेटवलेले झेंडे डोळ्यांसमोर येतात. हे युद्ध अप्रिय होतं ते वेगळ्या रीतीनं. ज्यांच्यासाठी गेलो ते तमिळ रागावले, ज्यांच्या सरकारनं बोलावलं ते सिंहली रागावले, ज्यांच्या भावनेपायी गेलो त्या तमिळनाडूत परतलेल्या फौजेच्या स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी फिरकले नाहीत. उरलेल्या देशात मात्र सगळं शांत होतं. दिल्लीला घरून कुणी विचारणारंच नव्हतं. मला तर वाटतं, आरडाओरडा झाला असता तर फौज वर्षभरात परत आली असती. मावशीला हे पटत नाही. तिच्या मते व्हिएतनाममध्ये इतका आरडाओरडा होऊनही अमेरिका वर्षानुवर्षं बाहेर पडली नाही. पडली नाही, खरं आहे.

"दिल्लीत काय हिशेब होता सांगते," मावशीनं दुसरी बाजू लावली. "सुंदरजींसारखे लष्करप्रमुख. वाघ म्हणजे दोन-चार हजार पोरं, काही आठवड्यांत आवरतील. त्याच सुमाराला रशिया अफगाणिस्तानात आठ वर्षं रुतलेला सगळं जग बघत होतं. गोर्बाचोव्ह बाहेर पडायची वाट शोधत होते, आणि आम्ही आत शिरायची. १५ फेब्रुवारी १९८९ ला रशियाचा शेवटचा सैनिक पूल ओलांडून परत गेला. तेव्हा आपली फौज अजून लंकेतच."

"आठवड्यांचा हिशेब चुकला, मान्य."

"मग?"

"मग असं," काकांनी बोटानं ओट्यावर रेघ ओढली, "की चूक जाण्यात नव्हती. नावात होती. शांतिसेना. तिथं उतरलो तेव्हा बायकांनी हार घातले, पोरं जीपमागं पळाली. खरंच शांती करायला आलोय असं आम्हालाही वाटलं. नकाशे मागितले तर धड नकाशे नव्हते. तमिळ बोलणारे किती, तर बोटावर मोजण्याइतके. लढायला जाणारी फौज अशी जात नाही. आणि लढायचं नव्हतं तर रणगाडे कशाला? सरकारनं ठरवलंच नाही आपण काय करायला आलोय. न ठरवता पाठवलं."

ऑक्टोबरनं ते ठरवून टाकलं. सप्टेंबरअखेर नल्लूरच्या देवळापाशी तिलीपन नावाचा वाघांचा तरुण पुढारी पाण्याचा थेंबही न घेता बारा दिवस उपोषणाला बसून मेला. भारताविरुद्ध गांधींचं हत्यार वापरलं गेलं आणि त्याला उत्तर देणं कुणाला जमलं नाही. ५ ऑक्टोबरला लंकेच्या नौदलानं पकडलेल्या वाघांनी, कोलंबोला नेणार म्हटल्यावर, सायनाइड चावलं. जामीन म्हणून त्यांना सोडवून आणणं आपलं काम होतं. ते झालं नाही. पाच दिवसांत ऑपरेशन पवन सुरू झालं.

११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानावर हेलिकॉप्टरमधून कमांडो आणि शीख लाइट इन्फन्ट्रीची माणसं उतरवली. वाघांचे पुढारी तिथं बैठकीला होते म्हणून.

"आमचे सेट त्यांनी ऐकले होते," काका म्हणाले. हे सांगताना ते कधी माझ्याकडं बघत नाहीत. "कुठं उतरणार, केव्हा उतरणार, सगळं. मैदान तयार ठेवलं होतं त्यांनी. शीख पलटणीची तीस माणसं उतरली, पुढची हेलिकॉप्टरं गोळीबारामुळं उतरूच शकली नाहीत. तिसातली एकोणतीस गेली, एक पकडला गेला. मी दुसऱ्या ठिकाणी होतो, हेडफोन लावून. सिग्नलवाल्याला लढाई दिसत नाही. त्याला एक आवाज येत असतो आणि मग तो आवाज येत नाही. तुम्ही हाक मारत राहता. पहाटेपर्यंत मारत राहता, कारण बंद करा असं कुणी सांगितलेलं नसतं."

रस्त्यावरून सिमेंटचा मिक्सर गेला. तो जाईपर्यंत कुणी बोललं नाही.

मावशीनं जे विचारलं ते मी विचारलं नसतं. "आणि त्याच महिन्यात जाफनाच्या इस्पितळात? दिवाळीच्या दिवसांत? डॉक्टर, परिचारिका, रोगी, साठ-सत्तर माणसं. फौज म्हणते आतून गोळ्या आल्या. वाचलेले म्हणतात, हात वर करून उभ्या असलेल्यांनाही मारलं. एवढी फौज परक्या गावात नेली की हे होतं, सुभेदार. हे होणारच होतं. म्हणून म्हणते, जाणंच चूक."

"मी तिथं नव्हतो," काका म्हणाले. मग थोड्या वेळानं, "हे वाक्य मी फार वेळा वापरलंय."

बशीतली शेव काढून ते बाजूला ठेवत राहिले, एकेक.

"खोटं नाही म्हणत मी," ते म्हणाले. "माणूस मेलेला बघितला, मित्र होता, आणि गोळी कुठल्या घरातून आली ते कळत नाही. ताडाच्या झावळ्यांची कुंपणं, गल्लीमागं गल्ली, सगळी घरं सारखी. मग सगळीच घरं शत्रूची वाटायला लागतात. समर्थन करत नाही. पण त्याच गल्ल्यांत परमेश्वरनसाहेबही होते, हेही सांगा ना मुलाला."

मेजर रामस्वामी परमेश्वरन. मुंबईत जन्मले, मुंबईतच शिकले, ८ महारमध्ये होते. महार रेजिमेंटचं केंद्र आपल्या सागरला आहे. २५ नोव्हेंबर १९८७ ला झडतीवरून परतताना त्यांच्या तुकडीवर हल्ला झाला. गोळी छातीत लागलेली असताना त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्याला मारलं आणि शेवटपर्यंत हुकूम देत राहिले. त्या सगळ्या मोहिमेतलं ते एकच परमवीरचक्र. मुंबईत किती जणांना त्यांचं नाव सांगता येईल, मी विचारणार होतो; विचारलं नाही, कारण त्या सकाळपर्यंत मलाही येत नव्हतं.

"त्यांच्या शौर्याबद्दल कोण बोलतंय?" मावशीचा आवाज खाली आला होता. "मी दिल्लीबद्दल बोलते. एक चूक निस्तरायला दुसरी. वाघ ऐकत नाहीत, मग त्यांच्या विरोधी गटाला सत्तेवर बसवा. त्याला फौज हवी, मग पोरं पकडून पकडून भरती करा. ती पोरं, आपण निघाल्यावर, कुणाच्या तावडीत सापडली? त्या गटाचे वरदराज पेरुमाळ तमिळ प्रांताचे मुख्यमंत्री झाले आणि दीड वर्ष व्हायच्या आत भारतात पळून आले. आणि प्रेमदासा! लंकेचा राष्ट्राध्यक्ष वाघांनाच शस्त्रं देतो, का, तर भारतीय फौजेशी लढा म्हणून. शेजारी तमिळ मारणारा सिंहली आणि सिंहली मारणारा तमिळ, दोघं एक झाले ते आपल्याविरुद्ध. एवढी एकी करून दाखवणारं दुसरं कुणी तिथं झालं नाही."

काका मोठ्यानं हसले. "हे मात्र खरं. लंकेच्या दक्षिणेत तर भारताचा माल घ्यायचा नाही म्हणून धमक्या होत्या. आपल्या मोठ्या कांद्याला तिथं बॉम्बे अनियन म्हणतात. म्हणजे लासलगावच्या कांद्यावरसुद्धा आमच्यामुळं संक्रांत."

"बघा, आला शब्द."

"तो कांद्याला आला, ताई. आम्हाला नाही."

मी मध्ये पडलो. म्हटलं, बाहेर पडायला इतका वेळ का लागला? १ जून १९८९ ला प्रेमदासांनी जाहीर सांगितलं, जुलैअखेर चालते व्हा. बोलावणाऱ्यानंच जा म्हटल्यावर राहायचं कारण काय?

"पत," मावशी म्हणाली. "हाकलून दिल्यासारखं दिसायला नको."

"नाही," काका म्हणाले. "सावकाश निघालो कारण आम्ही ज्यांना भरवसा दिला होता ती माणसं मागं राहणार होती. तुम्ही म्हणता ना, जामीन राहू नये. पण राहिलात की मग घाईनं पळता येत नाही. पळालात तर जामीन कसले?"

"शेवटी मागं राहिलीच ना ती माणसं?"

"राहिली."

दिल्लीत डिसेंबर १९८९ मध्ये व्ही. पी. सिंग आले आणि उरलेली फौज काढून घेण्याचं काम त्यांनी पुरं केलं. सव्वा वर्षानं, २१ मे १९९१ ला, श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधी मारले गेले. या गोष्टीतला तेवढाच भाग देशात सगळ्यांना पाठ आहे. फौजेचं जे मुख्यालय लंकेची मोहीम चालवत होतं, त्याच्यातूनच १९९० मध्ये एक नवी कोर उभी राहिली. तिचं ठाणं आज भोपाळला आहे. काकांची शेवटची पोस्टिंग तिथलीच. म्हणजे एका अर्थी लंका त्यांच्या मागोमाग कोलार रोडपर्यंत आली.

मावशी आत जाऊन चहा टाकून आली. काकांनी खिशातून एक लहान वही काढून मांडीवर ठेवली होती, चष्म्याच्या डबीएवढी, कडा तेलकट. ही मी पहिल्यांदाच बघत होतो.

"मागच्या खेपेला तुम्ही विचारलं होतं ना, तमिळ येत नव्हतं तर बोलायचात कसं? सापडली."

मावशीनं वही हातात घेतली. बॉलपेननं, देवनागरीत, एका बाजूला तमिळ आणि एका बाजूला मराठी. ती मोठ्यानं वाचू लागली, वर्गात हजेरी घेतात तशी. निल, थांब. कै मेले तूक्कु, हात वर. वीडु, घर. तण्णी, पाणी. पयप्पडादे, घाबरू नको.

"घाबरू नको हे हात वरच्या खाली लिहिलंय," ती म्हणाली.

"ज्या क्रमानं लागलं त्या क्रमानं."

तिनं पान उलटलं. मागच्या बाजूला एकच ओळ होती, दुसऱ्या शाईत. वीट्टुक्कु पोंगो. पुढं मराठी अर्थ लिहिला नव्हता.

"हे काय? हे कुणाला म्हणायचं असायचं?"

काकांनी चहाचा कप उचलला. "घरी जा, असा अर्थ आहे. हे आम्ही नाही म्हणायचो, ताई. झडतीला गेलं की म्हाताऱ्या बायका दारात उभ्या राहून आम्हाला म्हणायच्या."